एकाहत्तरची जखम, पदकाचा अर्ज आत्ता : अप्पांसाठी माहिती हवी आहे

मोहोळची_लेक

नमस्कार. इथे मी बरीच वर्षं वाचते, लिहिते कमी. आज वडिलांसाठी लिहितेय. थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा ही विनंती.

आमचे अप्पा ऐंशीचे आहेत. गाव मोहोळ तालुक्यात, आता माझ्याकडे सोलापुरात जुळे सोलापूरला असतात. १९६४ ला भरती झाले, १९८० ला नाईक म्हणून पेन्शनीवर आले. पासष्टची लढाई पाहिली, एकाहत्तरची लढले. घरात याबद्दल कधी बोलणं नाही. डावा पाय थंडीत ओढतात, हे आम्ही लहानपणापासून बघतोय. आई विचारायची तेव्हा "लागलं होतं जरा" एवढंच उत्तर.

दोन वर्षांमागे कंबर फार दुखायला लागली म्हणून एमआरआय करायला नेलं. मशीनवाल्या मुलाने नेहमीचे प्रश्न विचारले. पेसमेकर आहे का, ऑपरेशन झालंय का, शरीरात काही लोखंड आहे का. मी "नाही" म्हणणार तेवढ्यात अप्पा म्हणाले, "आहे. डाव्या मांडीत. एकाहत्तरचं." मुलगा माझ्याकडे बघायला लागला, मी अप्पांकडे. एमआरआय झाला नाही. एक्स-रे काढला तर मांडीच्या हाडाजवळ दोन तुकडे, एक हरभऱ्याच्या डाळीएवढा, दुसरा त्याहून बारीक. पांढरेशुभ्र, कडा दातेरी. पन्नास वर्षं ते आमच्या घरात जेवत होते, आमच्याबरोबर गड्ड्याच्या यात्रेला येत होते, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

तरी अर्जाचा विषय तेव्हा निघाला नाही. तो निघाला गेल्या हिवाळ्यात. माजी सैनिकांच्या एका कार्यक्रमाला अप्पांना घेऊन गेले होते. शेजारच्या खुर्चीवर एक तरुण हवालदार, छातीवरच्या फितींत एक पांढरी फीत, मधोमध लाल पट्टा. अप्पांनी विचारलं, "हे कशाचं?" तो म्हणाला, "पराक्रम पदक, बाबा. जखमेचं असतं. काश्मीरमध्ये गोळी लागली होती." अप्पा पुढं काही बोलले नाहीत. रिक्षात गप्प, जेवताना गप्प. रात्री म्हणाले, "माझी ट्रंक काढ."

ट्रंकेत डिस्चार्ज बुक आहे. पदकांच्या रकान्यात रक्षा मेडल, संग्राम मेडल, पश्चिमी स्टार, पंचविसाव्या स्वातंत्र्यदिनाचं मेडल, नऊ वर्षं सेवेचं मेडल. जखमेचं काही नाही. पण दुसऱ्या पानावर ओळखखुणांच्या रकान्यात शाईने लिहिलंय : "डाव्या मांडीवर व्रण". म्हणजे व्रण सरकारने बघितला, मोजला, लिहून घेतला. तो कशाने झाला तेवढं लिहायचं राहिलं.

अर्ज केला. रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं की लढाईतील जखमी म्हणून नोंद उपलब्ध नाही, पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नावाने निघणारा नोंदीचा आदेश) उपलब्ध नाही, विलंबाचं कारण समाधानकारक नाही. (कोणतं ऑफिस, कोणती पलटण ते मुद्दाम लिहीत नाही. तिथे आज बसलेल्या माणसांचा यात काही दोष नाही.) आता पुढं काय करावं? कुणी यातून गेलंय का?

बार्शीकर

ताई, अप्पांना माझा नमस्कार सांगा. ती ओळखखुणेची ओळ वाचून मी मोबाईल खाली ठेवला आणि जरा वेळ नुसता बसून राहिलो.

निवृत्त_सुभेदार

ताई, मी अठ्ठावीस वर्षं फौजेत होतो, शेवटची सहा वर्षं कारकुनी कामात. जेवढं खात्रीचं आहे तेवढंच सांगतो.

पराक्रम पदक १५ ऑगस्ट १९७३ ला सुरू झालं. म्हणजे अप्पांना लागलं तेव्हा हे पदक अस्तित्वातच नव्हतं. लढाईनंतर पावणेदोन वर्षांनी ते आलं. एकाहत्तरच्या जखमींनाही ते मिळालं, पण कुणाला? ज्यांचं नाव पलटणीच्या जखमींच्या यादीत होतं त्यांना. यादीवरून नावं वर गेली, मंजुरी आली, पार्ट टू ऑर्डर निघाली. जवानाने अर्ज करायची गरजच नव्हती, म्हणून कुणी अर्ज केला नाही. ज्याचं नाव यादीतून सुटलं त्याला पदक निघालंय हेसुद्धा कळलं नाही.

तेव्हा प्रश्न पदकाचा नाही, यादीचा आहे. फौजेत जखमी दोन प्रकारचे मानतात. एक बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे शत्रूच्या गोळीने, तोफेने, सुरुंगाने, लढाईच्या कामात. दुसरा फिजिकल कॅज्युअल्टी, म्हणजे आजार, अपघात, खेळताना हाड मोडलं वगैरे. अप्पांची नोंद दुसऱ्यात गेलीय असा माझा अंदाज. तसं का झालं ते त्यांनाच विचारा. लागलं तेव्हा ते स्वतःच्या पलटणीबरोबर होते की दुसरीकडे जोडून दिले होते? दवाखान्यात कुणाच्या गाडीतून गेले? या दोन प्रश्नांवर सगळं आहे.

सिद्धेश्वर_पेठ

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. मान हा मागून घ्यायचा नसतो. अप्पांनी जे केलं ते पदकाशिवायही तेवढंच मोठं आहे. ज्यांनी जीव दिला त्यांच्या घरच्यांनी काय मागितलं? या वयात त्यांना कागदांच्या मागे पळवू नये असं मनापासून वाटतं.

मोहोळची_लेक

@सिद्धेश्वर_पेठ, राग कसला. अप्पाही आधी हेच म्हणायचे. "ज्यांचं सगळंच गेलं त्यांचं बघ, माझं काय, पाय हाय की जागेवर." म्हणूनच तर इतकी वर्षं गेली.

@निवृत्त_सुभेदार साहेब, तुमचे दोन्ही प्रश्न काल संध्याकाळी विचारले. ते सलग बोलले नाहीत. भाकरी खाताना थोडं, मग गॅलरीत बसून थोडं. त्यांच्याच क्रमाने लिहिते.

पश्चिम आघाडीवरचा शकरगढचा भाग, बसंतर नदी. १५ डिसेंबरची रात्र. पलीकडे जायला सुरुंगांच्या पट्ट्यातून वाट काढलेली, दोन्ही बाजूंना पांढरी फीत लावलेली. अप्पा टेलिफोनची तार टाकणाऱ्या तुकडीत. तीन दिवसांसाठी त्यांना दुसऱ्या पलटणीला जोडून दिलं होतं. तारेचं रीळ दोघांनी मिळून न्यायचं, एकाने धरायचं, दुसऱ्याने सोडत जायचं. जोडीदार सांगोल्याकडचा. (नाव लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना अजून विचारलेलं नाही.) दोघं माणदेशी बोलायचे म्हणून मुद्दाम एकत्र मागून घेतलेले.

नदी ओलांडून गेल्यावर तोफा सुरू झाल्या. अप्पा म्हणाले, "रीळ आदल्या रात्री माझ्याकडं होतं. त्या रात्री त्याची पाळी." गोळा जवळ पडला. जोडीदार जागच्या जागी गेला. अप्पांना वाटलं मांडीवर कुणी काठी मारली. उठायला गेले तर पाय उठेना. तार हातात होती, ती सोडली नाही म्हणतात, कारण सोडली तर अंधारात टोक सापडणार नाही.

मागे आणलं ते तिसऱ्याच पलटणीच्या ट्रकमधून. शर्टाच्या बटणाला दोऱ्याने एक कार्ड बांधलं होतं, पेन्सिलीने नंबर लिहिलेलं. थंडी, दव, रक्त. पठाणकोटला पोचेपर्यंत कार्डावरचं निम्मं पुसलेलं. तिथल्या शिपायाने विचारून विचारून पुन्हा लिहिलं. पाच आठवडे दवाखान्यात. परत आपल्या पलटणीत गेले तेव्हा हवालदार म्हणाला, "अरे, तू आजारी पडून गेलास असं कळलं होतं." अप्पांनी दुरुस्त केलं नाही. मी विचारलं, का? तर म्हणाले, "त्याच्या घरी पत्र कुणी लिहायचं ते ठरत होतं त्या वेळी. माझं काय सांगू?"

१७ तारखेला रात्री आठ वाजता युद्धबंदी झाली. त्यांना ती दवाखान्यातल्या रेडिओवर कळली.

निवृत्त_सुभेदार

ताई, हे वाचून हात जोडले.

आणि हेच कारण आहे. जोडून दिलेला माणूस, दुसऱ्याची गाडी, पुसलेलं कार्ड. जखमीची खबर मूळ पलटणीत जायला हवी ती गेलीच नाही. ज्या पलटणीला जोडले होते तिने म्हटलं असेल हा आमचा नव्हे. मूळ पलटणीला कळलं असेल फक्त दवाखान्यात भरती. मी स्वतः असे दोन कागद हाताळलेत.

@सिद्धेश्वर_पेठ साहेब, तुमच्या मुद्द्याला उत्तर देतो, कारण हा गैरसमज फौजेतल्या माणसांतही आहे. वीर चक्र, सेना मेडल ही शौर्याची. ती मागायची नसतात, साहेबलोक शिफारस करतात. तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पराक्रम पदकाच्या नावात पराक्रम आहे, पण ते शौर्याचं नाही, जखमेचं आहे. शत्रूच्या कारवाईत जखम झाली की नाही, एवढाच प्रश्न. झाली असेल तर पदक लागू, नसेल तर नाही. यात कुणी कुणावर मेहेरबानी करत नाही. सातबाऱ्यावर नाव चुकीचं लागलं तर दुरुस्तीचा अर्ज करतो, त्याला कुणी भीक म्हणत नाही.

सिद्धेश्वर_पेठ

हे मला माहीत नव्हतं. नावामुळे मी शौर्यपदकच समजत होतो. माझे शब्द मागे घेतो. ताई, पार्क चौकाच्या बाजूला माझं दुकान आहे. अप्पांना कुठल्याही कार्यालयात न्यायचं असेल तर गाडी आणि मी दोन्ही आहे, निरोप करा.

काळा_कोट

वकील म्हणून थोडं.

पदक आणि युद्धजखम पेन्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच अर्जात घालू नका. युद्धजखम पेन्शनसाठी संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात 'ए' ते 'ई' अशा श्रेणी आहेत, युद्धातील शत्रूच्या कारवाईची जखम 'ई' मध्ये बसते. त्यासाठी अपंगत्वाचं प्रमाण ठरवणारा वैद्यकीय मंडळाचा कागद लागतो. पेन्शनमध्ये उशीर झाला तरी हक्क संपत नाही, कारण दर महिन्याला नवं कारण घडतं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणात हे सांगितलंय, मात्र थकबाकी साधारण तीन वर्षांपुरती. पदकाला हे तत्त्व तसंच लागत नाही. म्हणून पदकाच्या अर्जात विलंबाचं कारण नीट मांडावंच लागेल, आणि तुमच्याकडे कारण खरं आणि भक्कम आहे : लागलं तेव्हा पदक नव्हतं, पदक आलं तेव्हा नाव यादीत नव्हतं, आणि कुणी कळवलं नाही.

सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे. २००७ च्या कायद्याप्रमाणे अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत जावं लागतं, उशीर माफ होऊ शकतो. पण आत्ता तिकडे जाऊ नका. रिकाम्या हाताने गेलात तर "नोंद नाही" हेच उत्तर न्यायाधिकरणासमोर येईल. आधी कागद गोळा करा.

निवृत्त_सुभेदार

वकीलसाहेब बरोबर बोलले. कोणते कागद ते सांगतो.

माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. "माझ्या वडिलांची सगळी कागदपत्रे द्या" असं मोघम लिहू नका. शीट रोलची (जवानाच्या सेवेच्या नोंदींचा कागद) प्रत मागा. वैद्यकीय कागदांची प्रत वेगळी मागा. डिसेंबर १९७१ ते मार्च १९७२ मधल्या त्यांच्या नावाच्या पार्ट टू ऑर्डर तारखेसह मागा. पेन्शनर नसलेल्यांचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करतात, पण अप्पा पेन्शनर आहेत, त्यामुळे शीट रोल असण्याची आशा चांगली आहे. शीट रोलमध्ये दवाखान्यात भरती-सुट्टीच्या ओळी असतात. तिथे नुसतं "इंज्युरी" लिहिलंय की "स्प्लिंटर" (गोळ्याचा उडालेला तुकडा) लिहिलंय ते बघा. स्प्लिंटर हा शब्द सापडला तर अर्धं काम झालं. खेळाच्या मैदानावर कुणाला स्प्लिंटर लागत नाही.

पश्चिमी स्टार आहे हेही अर्जात ठळक लिहा. पश्चिम आघाडीवर होते हे सरकारनेच मान्य केलंय. तारीख दवाखान्याची, आघाडी पदकाची, लोखंड एक्स-रेमध्ये. तिन्ही एका रेषेत येतात.

माढेकर

माझे आजोबा पासष्टचे. खांद्याला गोळी लागून गेली होती. त्यांनीही कधी मागितलं नाही, २०११ ला गेले. आम्ही दशक्रियेनंतर त्यांची कागदं एका पिशवीत भरून माळ्यावर टाकली. आज हा धागा वाचून पिशवी खाली काढली. उंदरांनी एक कोपरा खाल्लाय. डिस्चार्ज बुक शाबूत आहे. आजी आहे अजून, शहाऐंशी वर्षांची. तिला अर्ज करता येईल का?

निवृत्त_सुभेदार

@माढेकर, वारस म्हणून आजीच्या नावाने करा. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, सोबत डिस्चार्ज बुक, पी.पी.ओ. (पेन्शनचा आदेश) आणि आजीचं ओळखपत्र. पिशवी परत माळ्यावर ठेवू नका.

एक्सरे_विभाग

मी रेडिओलॉजीत काम करते. ताई, जुन्या एक्स-रेची फिल्म असेल तर उत्तम, पण नवा अहवाल नीट लिहून घ्या. "धातूचा तुकडा" एवढंच नको. आकार मिलिमीटरमध्ये, जागा कुठली, हाडाशी किती जवळ, कडा कशा, जखम जुनी दिसते का, हे रेडिओलॉजिस्टकडून सही-शिक्क्यासह घ्या. कमरेसाठी एमआरआयच्या ऐवजी सीटी स्कॅन करता येतो, ते राहिलं असेल तर करून घ्या. लोखंडी तुकडा असताना एमआरआय करू न देणं हे त्या मुलाचं अगदी योग्य होतं, चुंबकामुळे तुकडा हलू शकतो. आणि "रुग्णाने शरीरात धातू असल्याचे सांगितल्याने तपासणी केली नाही" अशी नोंद त्या सेंटरकडे असेल. तीही मागून घ्या, तारखेची आहे.

बार्शीकर

अमेरिकेतही जखमींसाठी पर्पल हार्ट आहे, १९३२ पासून आजच्या रूपात. तिथेही जखमेवर वैद्यकीय उपचार झाल्याचा कागद लागतो, आणि तिथेही म्हातारे सैनिक आणि त्यांची मुलं अनेक दशकांनी अर्ज करतात. आपल्याकडचं उदाहरण मुरलीकांत पेटकरांचं. सांगली जिल्ह्यातले, पासष्टच्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक. पद्मश्री मिळाली २०१८ ला. शेहेचाळीस वर्षांनी. उशीर झाला म्हणून कुणी ती कमी मानली नाही.

मोहोळची_लेक

सगळ्यांचे आभार मानायला शब्द कमी आहेत. चार महिन्यांनी धागा वर काढतेय.

शीट रोलची प्रत आली. पहिल्या वेळी "शोध चालू आहे" असं उत्तर होतं, मग पहिलं अपील केलं, मग आली. सहा पानं, फोटोकॉपीची फोटोकॉपी. मी चष्मा आणि भिंग घेऊन बसले. १९७२ च्या जानेवारीत दवाखान्यातून सुट्टीची ओळ आहे, पुढे आजाराच्या जागी दोन शब्द. पहिला नीट वाचता येईना. अप्पांच्या हातात कागद दिला. त्यांनी भिंग घेतलं नाही. कागद लांब धरला, मान मागे नेली आणि वाचलं, "स्प्लिंटर, लेफ्ट थाय." मग कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "लिवलं होतं की मग."

सुभेदारसाहेब, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. दवाखान्याने लिहिलं होतं, पलटणीत पोचलं नाही.

नवा अर्ज केला. सिद्धेश्वर_पेठ दादा दोनदा गाडी घेऊन आले, पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या बाईंनी सगळे कागद स्वतः क्रमाने लावून दिले आणि शिफारसपत्र जोडलं. एक्स-रेचा अहवाल सही-शिक्क्यासह आहे. मोठा तुकडा नऊ मिलिमीटरचा निघाला.

अर्जाचा मजकूर अप्पांनी सांगितला, मी लिहिला. "एकदाच मागतो. नीट लिही," म्हणाले. दुसऱ्या परिच्छेदात त्यांनी जोडीदाराचं नाव, नंबर, गाव घालायला लावलं, आणि त्या रात्री रीळ धरायची पाळी त्याची होती हेही. मी म्हटलं, अप्पा, हे अर्जात लागत नाही. कार्यालयातल्या बाईही तेच म्हणाल्या. ते म्हणाले, "माझं पान उघडतील तवा त्याचंबी नाव वाचू दे कुणीतरी." ते वाक्य आम्ही ठेवलं आहे.

सांगोल्याला त्यांच्या घरीही जाऊन आलो. पुतण्या भेटला, शेती करतो, डाळिंब आहे. फोटो भिंतीवर आहे, वर्दीतला. अप्पा फोटोसमोर बराच वेळ उभे होते. पायाला त्रास होतो म्हणून मी खुर्ची आणली, ते बसले नाहीत.

स्पीड पोस्टची पावती ट्रंकेत ठेवली आहे, डिस्चार्ज बुकाच्या त्याच पानात.

निवृत्त_सुभेदार

जय हिंद. पावतीचा फोटोही काढून ठेवा, थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते.

मोहोळची_लेक

काढला, साहेब.

माढेकर

ताई, पहिलं अपील कुणाच्या नावाने लिहिलं? आजीच्या अर्जाला कालच "शोध चालू आहे" असं उत्तर आलंय.

मोहोळची_लेक

@माढेकर, उत्तराच्या पत्रात खाली अपिलीय अधिकाऱ्याचं पद दिलेलं असतं, त्या पदनामाने लिहा, व्यक्तीच्या नावाने नको. तीस दिवसांच्या आत करा. माझ्या अपिलाचा मसुदा तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते, आजीची माहिती तेवढी बदलून घ्या.